समाचार

“मागच्या शनिवारी कुठं गेलतीस?”

चप्पल काढून वऱ्हांड्यात पाऊल टाकते न टाकते तोच प्रश्न येतो. विचारणाऱ्या आजी स्वतःच्या हिशोबानं सत्तरीच्या, आधार कार्डाच्या हिशोबानं ब्याऐंशीच्या. मी सांगते, शाळेत पेपर तपासायचे होते. “मग फोन करायला काय धाड भरलती? हापिसात फोन हाय की. म्हातारं माणूस सकाळपासून वेणी घालून वाट बघलालंय, त्याचं काय?” पुढची पाच मिनिटं माझी बिनपाण्यानं. शेजारच्या खाटेवरच्या बाई तोंडाला पदर लावून हसत असतात.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, न्यायाच्या दिवसाचं वर्णन आहे. राजा उजवीकडच्या लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, आजारी होतो तेव्हा माझा समाचार घेतला. संडे स्कूलमध्ये हा उतारा पाठ करताना आम्ही पोरं खुसखुसायचो. आमच्या घरी समाचार घेतला जायचा तो प्रगतिपुस्तकावर सही करताना. आजारी माणसाला झापलं की स्वर्ग मिळतो, हे आम्हाला फारच सोयीचं वाटायचं. आता पन्नाशीला टेकल्यावर दोन्ही अर्थ एकाच खाटेपाशी भेटतात. मी आजींचा समाचार घ्यायला जाते, आजी माझा घेतात. दोघींचं काम होतं.

आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आम्ही पाच-सहा जण दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जातो. इंग्रजीत अशा सेवेला नर्सिंग होम मिनिस्ट्री म्हणतात. सोलापुरात “मी नर्सिंग होममध्ये चालले” म्हटलं तर समोरचा विचारणार, कोण बाळंत झालं? म्हणून आम्ही नुसतं “आश्रमात जातो” म्हणायला लागलो. त्यात रस्ता अक्कलकोटचा, त्यामुळे ऐकणारा भक्तिभावानं हात जोडतो. पेटी वाजवणारे मामा रेल्वेतून निवृत्त झालेले. महिला मंडळातल्या दोन काकू, त्यातल्या एक नर्स होत्या. तरुण संघातला एक मुलगा, ज्याच्या गाडीवर पेटी बांधून येते. आणि मी.

घरोघर जाऊन भेटणं आमच्या लोकांना नवीन नाही. 1813 साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनचं काम त्याच शतकात सोलापुरापर्यंत पोचलं, आणि त्या मिशनऱ्यांनी गावातल्या बायकांपर्यंत पोचायला बायबलबाया नेमल्या. माझी पणजी त्यांतली एक. आमच्या घरात तिची सांगितली जाणारी गोष्ट धर्माची नाहीच, सुईदोऱ्याची आहे. पिशवीत पुस्तकाच्या जोडीला सुईदोरा असायचा. कुणाच्या घरी गेली की आधी फाटलेलं काही शिवायला मागायची. हात चालू असले की बाई बोलायला लागते, म्हणायची. पुस्तक कधी निघायचं, कधी नाही. मला हे पूर्वी तिचं डावपेच वाटायचं. आता तसं वाटत नाही.

आमची सुरुवात मात्र सुईदोऱ्यानं झाली नाही, माइकनं झाली. नाताळचे दिवस, स्पीकर, लाल टोप्या, वीस शाली, दोन किलोचा केक आणि मंडळीचं नाव असलेला फलक. हॉलमध्ये सगळ्यांना खुर्च्यांवर आणून बसवलं होतं. “बसवलं होतं” हे क्रियापद त्या दिवशी माझ्या कानावरून गेलं, खटकलं नाही. टाळ्यांची गाणी झाली, शाली पांघरताना फोटो झाले. एका आजोबांनी गाणं सुरू असतानाच कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. निघताना स्वयंपाकघरातल्या मावशी माझ्या हातात उरलेला केक देत म्हणाल्या, “हा घेऊन जावा ताई. कालपासून तिसरा हाय. निम्म्यांना शुगर, रात्री मलाच बघावं लागतं.”

डिसेंबरात तीन केक, आणि मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेल्यावर, पत्र्याखाली पंख्याचा गरम वारा घेत पडलेल्या माणसांकडे कुणी फिरकत नाही. आमच्यासकट. मावशींच्या त्या वाक्यानं लाज वाटून आम्ही महिन्यातून दोनदा जायचं ठरवलं. प्रेमापोटी गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं.

नंतर जे शिकलो ते बहुतेक नर्स काकूंकडून आणि आपटून. उभं राहून बोलायचं नाही, त्यांना मान वर करावी लागते. कुठला कान चांगला ते लक्षात ठेवायचं. “ओळखलं का मला?” हे कधीही विचारायचं नाही, ती तोंडी परीक्षा असते आणि नापास होण्याची भीती म्हाताऱ्या डोळ्यांत लख्ख दिसते. आपलं नाव आपणच सांगून टाकावं, दर वेळी, पहिल्यांदाच सांगतोय असं. चष्मा पुसून द्यावा. माझा असा अंदाज आहे की आश्रमातली निम्मी उदासी चष्म्याच्या काचांवरच्या तेलकट डागांची असते. नखं काढताना आधी हात कोमट पाण्यात बुडवावे, म्हाताऱ्यांची नखं शिंगासारखी टणक होतात. आणि गाणं म्हणायचं तर खालच्या पट्टीत. मामांनी पट्टी दोन-तीन सूर खाली आणली, लय निम्म्यावर आणली आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यापेक्षा खाटांवरून जास्त आवाज आला.

खाटेचंही एक आहे. पहिल्या वर्षी मी सरळ खाटेच्या कडेला बसायची, जवळीक म्हणून. एकदा एका बाईंनी चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे सरकल्या. तेव्हा नीट बघितलं. उशाशी सिद्धरामेश्वराचा फोटो, उशीखाली पैशाचा बटवा, पायथ्याशी ट्रंक, गजाला टांगलेली पिशवी, पिशवीत शेंगाचटणीची पुडी. सहा फूट बाय तीन फुटांत स्वयंपाकघर, देवघर, तिजोरी, सगळं. मी न विचारता कुणाच्या तरी घरात जाऊन बसले होते.

1839 च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात झान झ्युगाँ नावाच्या एका बाईनं एका आंधळ्या, निराधार म्हातारीला घरी आणलं, तिला आपली खाट दिली आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. पुढे त्यातून म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या भगिनींचा मोठा संघ उभा राहिला. आम्ही प्रोटेस्टंट लोक संतांच्या भानगडीत पडत नाही, पण या बाईची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तिला संस्थेच्या कारभारातून एका पाद्र्यानं बाजूला सारलं, संस्थापकाचा मान स्वतःकडे घेतला, आणि शेवटची 27 वर्षं ती मठात एक साधी म्हातारी जोगीण म्हणून राहिली. ही कोण हे नव्यानं येणाऱ्या मुलींना ठाऊकही नसायचं. 1879 साली ती गेली. 2009 साली रोमला संत म्हणून जाहीर झाली. मला तिच्या संतपदापेक्षा ती मधली 27 वर्षं खुणावतात. आपणच उभ्या केलेल्या घरात, कुणी न ओळखता, म्हातारं होणं. आमच्या आश्रमातही कोण काय होतं हे कुठं लिहिलेलं असतं?

उदाहरणार्थ, विडीवाल्या आजी. त्यांचं पूर्वायुष्य आम्हाला त्यांच्या बोटांनी सांगितलं. स्मृती जवळजवळ गेलेली, बोलणं पुसट. पण दिवसभर त्यांची बोटं चादरीच्या कडेशी चाळा करत असायची. अंगठा आणि पहिली दोन बोटं, गुंडाळ, दुमड, मग दोरा ओढल्यासारखा झटका. मला वाटलं अस्वस्थपणा आहे. मावशी म्हणाल्या, “विड्या वळलाल्यात त्या.” पत्ती भिजवायची, साच्यावर कापायची, तंबाखू भरायची, वळायची, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. हजार विड्यांवर मजुरी. सोलापुरात कितीतरी तेलुगू घरं या सुपांवर चालली, पोरांची शिक्षणं झाली. नाव विसरलेल्या त्या बाईला टोक मुडपायचं तेवढं आठवत होतं.

मराठी त्यांची दुसरी भाषा, कामापुरती शिकलेली, आणि नंतर आलेली भाषा आधी निघून गेली. उरली तेलुगू. आमच्यात कुणाला येत नाही. म्हणून मी शेजारच्या वहिनींना घेऊन गेले. त्या पद्मशाली, मार्कंडेयाच्या भक्त, आमच्या मंडळीशी त्यांचा काही संबंध नाही. वहिनी जवळ बसून काहीतरी म्हणाल्या आणि आजींची बोटं थांबली. त्यांनी वहिनींच्या हनुवटीला हात लावून विचारलं, “तिन्नावा?” जेवलीस का? त्यानंतर वहिनी आमच्यापेक्षा जास्त नियमानं यायला लागल्या. ही आता ख्रिस्ती सेवा राहिली का, असं मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका ज्येष्ठांनी मला विचारलं. मी म्हटलं, जिला येशूनं पाठवलंय तिला ठाऊक असलंच पाहिजे असं कुठं आहे? उत्तर जरा आगाऊ झालं, पण मागे घेत नाही.

आता अवघड भाग.

तरुण संघातला मुलगा मनापासून भक्ती करणारा. एका शनिवारी त्यानं वेणीवाल्या आजींना विचारलं, “आजी, तुम्ही येशूला स्वीकारता का?” आजी म्हणाल्या, “स्वीकारते की.” परतताना सिग्नलवर गाडी थांबली तरी त्याचं बोलणं थांबत नव्हतं, इतका तो हरखला होता. पुढच्या खेपेला आजींनी मला जवळ बोलावलं, हळूच. “त्या पोराला हो म्हटलंय मी. आता तर दर शनिवारी याल ना?” मी काही बोलले नाही. त्या पुढं म्हणाल्या, “परवा ते दुसरे आलते, त्यांची माळ पण घातली. नको कशाला म्हणायचं बाई? येणं बंद करतील.”

त्या संध्याकाळी पेटी उतरवून ठेवल्यावर आमची वादावादी झाली. मुलगा दुखावला होता. “मग सुवार्ता सांगायचीच नाही का?” त्याचा प्रश्न खोटा नव्हता. आम्ही मंडळीकडून जातो, हे लपवत नाही, लपवणं मला लबाडीचं वाटतं. पण येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलानं अथेन्समध्ये भाषण केलं तेव्हा काहींनी त्याची थट्टा केली आणि काही म्हणाले, पुन्हा कधीतरी ऐकू. त्यांना पाय होते. जो उठून जाऊ शकत नाही, ज्याला शनिवारची माणसं गमवायची भीती आहे, त्याच्या होकाराला मी होकार धरत नाही. मामा एवढंच म्हणाले, “आधी विचारायचं. प्रार्थना करू का, गाणं म्हणू का. नको म्हटलं तर बसायचं. उठायचं नाही.” ते “उठायचं नाही” महत्त्वाचं होतं, हे मला पुढं कळलं.

विचारून गाणी म्हणायला लागल्यावर एक गंमत झाली. आश्रमात पंढरीची वारी केलेल्या दोन-तीन बाया आहेत. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यांनी ते पायी केलेलं. आम्ही इंग्रजी चालींची भाषांतरित गीतं म्हणायचो तेव्हा त्या भिंतीकडे बघत बसायच्या. मामांनी नारायण वामन टिळकांचा एक अभंग काढला. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण त्यांची जीभ ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाची राहिली, आणि त्यांच्या रचना आमच्या उपासनेत आजही पेटी-तबल्यावर गातात. दुसऱ्या चरणाला एका आजींच्या हातांनी ताल धरला. संपल्यावर म्हणाल्या, “देव कुणाचा का असंना, चाल आमचीच हाय.” मग त्यांनी आम्हाला त्यांचा एक म्हणायला लावला. मामांना सगळा पाठ होता. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही.

पोरांनी टाकलं, असं बाहेरचे लोक चटकन म्हणतात. आत बसलं की इतकं सोपं राहत नाही. सोलापुरातली शिकलेली पोरं पुण्याला जातात, कारण इथं गिरण्या बंद झाल्यावर त्यांच्याजोगं काम फारसं उरलं नाही. पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसनं अडीचशे किलोमीटर, तिथं दोन खोल्या, नवरा-बायको दोघं कामावर. काही मुलगे दर महिन्याला येतात, गेटबाहेर गाडीत बराच वेळ बसतात, मग आत येतात. काही खरोखरच येत नाहीत. 2007 चा कायदा आहे, आईबापाला सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी लावू शकतं. हे मी एका आजोबांना उत्साहानं सांगितलं. ते कचेरीत कारकून होते, त्यांना कलमासकट ठाऊक होतं. “पोराला कठड्यात उभं करून आणलेली भाकरी,” ते म्हणाले, “घशाखाली उतरंल का?” मी विषय बदलला.

आणि आता ते आजोबा, कानातलं मशीन काढून ठेवणारे.

ते गिरणीत टाइमकीपर होते. 1877 साली पहिली कापडगिरणी निघाली तेव्हापासून सोलापूर भोंग्यावर जागं व्हायचं, भोंग्यावर जेवायचं; आणि कुणाची हजेरी लागली, कुणाची अर्धी कापली, ते या आजोबांच्या वहीत. शिवाय लाल बावट्याचे, देवधर्माच्या नावानं हात वर. मामांचा नियम झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, “आजोबा, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?”

“नको.”

मी खुर्ची ओढून बसले. आम्ही पाण्याबद्दल बोललो. सोलापुरात कुणाशीही पाण्याबद्दल बोलता येतं, नळ चार दिवसांनी आला का पाच. पुढच्या खेपेला पुन्हा विचारलं. “नको.” असं दीड-दोन वर्षं. एकदा मला संकोच वाटला. म्हटलं, “आजोबा, मी दर वेळी विचारते, राग नाही ना येत?”

त्यांनी मशीन नीट बसवलं. “बाई, इथं मला सहाला उठवतात. साडेसहाला चहा, पाहिजे असो नसो. अंघोळ पाणी येईल त्या दिवशी. टीव्हीवर कुठली मालिका लावायची ते कोण ठरवतं, आजतागायत कळलं नाही. दाढीसुद्धा न्हावी येईल तेव्हा. दिवसभरात मी ‘नको’ म्हटलं आणि ते खरंच झालं नाही, असं फक्त तुमच्यापुढं होतं. विचारत जा.”

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो, तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर कसून वाटेल तिकडे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि नको तिथं घेऊन जाईल. शुभवर्तमानातच खुलासा आहे की हे पेत्राच्या मरणाबद्दल आहे. असेल. मला ते वाचताना दोन मावश्या एका माणसाला कुशीवर वळवून लंगोट बदलताना दिसतात, आणि त्याचे पुढे आलेले हात.

गेल्या पावसाळ्यात आजोबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही गेलो तेव्हा ते परत आश्रमात आले होते, नळी लावलेली, मशीन उशाशी पडलेलं. मी त्यांच्या कानात ते बसवलं, माझं नाव सांगितलं, चष्मा पुसला, ओठांवरून ओलं फडकं फिरवलं. मग गप्प बसून राहिले. आता काय विचारायचं, असं मनात आलं. खरं सांगायचं तर दुसरंही मनात आलं, की आता विचारलं नाही आणि मनातल्या मनात उरकून घेतली, तर त्यांना कुठं कळणार आहे?

मी उठायला लागले तशी ओढणी अडकली. मला वाटलं खाटेच्या गजात. बघितलं तर त्यांच्या डाव्या मुठीत होती. ते माझ्याकडे बघत होते, टाइमकीपरच्या नजरेनं, उशीर झालेल्या माणसाकडे बघावं तसं.

“आजोबा,” मी म्हटलं, “प्रार्थना करू का?”

वेळ लागला. मान उशीवर डावीकडून उजवीकडे गेली, जेमतेम बोटभर, आणि परत आली.

मी खुर्ची पुढं ओढली. वऱ्हांड्यात मामांनी पेटीचा भाता सोडला होता. म्हटलं, काल आमच्याकडं पाणी आलं, पाचव्या दिवशी.